टोकाची भिंत

खूप मागची गोष्ट आहे. तेव्हा आपल्या पणजीची पणजीसुद्धा जन्मली नव्हती. एका उंच पठारावर एक गाव होते. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून थोडे गप्प बसावे, अशी ही त्या गावाची गोष्ट.

त्या पठारावर झाडे कमी आणि वारा फार. वर्षाचे दहा महिने तो नुसता वाहायचा. उरलेले दोन महिने तो आदळायचा. उभ्या माणसाला बसवायचा आणि बसलेल्याला निजवायचा. एकटेदुकटे घर तिथे टिकत नसे. म्हणून गावातली घरे एकमेकांना चिकटून होती. दोन घरांत भिंत एकच. गावाच्या मागे उंच कडा होता. त्या कड्याला टेकून पहिले घर, पहिल्याला टेकून दुसरे, दुसऱ्याला टेकून तिसरे. घरांच्या अशा तीन ओळी कड्यापासून निघून पठारावर आल्या होत्या. वारा समोरून यायचा आणि प्रत्येक ओळीच्या टोकाच्या भिंतीवर आपटायचा.

नवे घर बांधायचे तर गावाचा एक रिवाज होता. मागणाऱ्याने ओल्या मातीचा गोळा हातात घ्यायचा आणि ओळीच्या टोकाच्या घरापुढे उभे राहायचे. म्हणायचे, "भिंत मिळेल का?" घरधन्याने बाहेर येऊन तो गोळा आपल्या टोकाच्या भिंतीवर थापायचा आणि त्यावर पंजा उमटवायचा. म्हणजे भिंत दिली. मग सारे गाव दगडमाती घेऊन यायचे. आठ दिवसांत उरलेल्या तीन भिंती उभ्या राहायच्या. भिंतीसाठी कोणी काही घेत नसे, आणि कोणी नाही म्हणत नसे.

पुढे काय झाले, तर टोकाच्या घरात राहणाऱ्यांना टोकाची गोडी लागली. तिथे उजेड जास्त. समोर मोकळे पठार. संध्याकाळी ऊन थेट भिंतीवर. टोकाला घर असणे हा मान झाला. मागायला आलेल्याला लोक म्हणू लागले, "पुढल्या वर्षी बघू." आणि पुढले वर्ष म्हणजे काय असते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मग ज्यांना घर नाही अशी माणसे गावात साठू लागली. कोणी तळे खणायला आलेले, कोणी कोळसा पाडणारे, कोणाचे खालचे गाव उठलेले. ती सगळी देवळाच्या ओसरीत निजायची. गाव त्यांना "ओसरीची माणसं" म्हणायचे. एकूण अठरा जण होते. गाव काही वाईट नव्हते. भाकरी द्यायचे, जुने घोंगडे द्यायचे, सणाला पुरणपोळीचा तुकडा द्यायचे. भिंत तेवढी देत नसे. ओसरी तीन बाजूंनी उघडी. वाऱ्याचे दोन महिने आले की ही माणसे घाट उतरून खालच्या गावांत पांगायची, आणि वारा पडला की एकेक करून पुन्हा वर यायची. काही यायची नाहीत.

त्या अठरा जणांत हौसा नावाची एक बाई होती. गावाच्या भिंती लिंपणे हे तिचे काम. शेण, माती आणि भाताचे तूस पायाने मळायचे आणि हाताने भिंतीला सारखे थापायचे. गावात अशी एक भिंत नव्हती जिला तिचा हात लागला नव्हता. लिंपताना आतले सगळे तिला ऐकू यायचे. जात्याची घरघर, कोणाचा पाळणा, कोणाची कुरकुर, जेवताना सांडलेले भांडे आणि त्यावरचे हसणे. आतल्यांना ठाऊक नसायचे की भिंतीपलीकडे कोणी आहे. हौसाही बोलायची नाही. हसणे ऐकले की तिचा हात तेवढा सावकाश फिरायचा.

ओसरीत माणसे होती, पण सोबत नव्हती. सगळे जण भिंतीकडे तोंड करून निजत. एकमेकांकडे पाहिले की आपलीच दशा दिसायची.

हौसाचा नवरा पाथरवट होता. तळ्याच्या कामासाठी दोघे या गावात आली होती. तो दरवर्षी मातीचा गोळा घेऊन पाटलांच्या भिंतीपुढे उभा राहायचा आणि दरवर्षी तसाच परत यायचा. दोन वर्षांपूर्वी घाट उतरताना त्याला ताप भरला. तो वाटेवर बसला तो उठला नाही. त्यानंतर हौसा एकटीच घाट उतरायची आणि एकटीच चढायची.

या वर्षी तिचा गुडघा सुजला. देवळाची एक पायरी चढली की तिला बसावे लागे. वारा यायला महिना-सव्वा महिना होता. आता आपण खाली उतरलो तर पुन्हा वर येणे होणार नाही, आणि ओसरीत राहिलो तर वारा ठेवणार नाही, हे तिला कळून चुकले. मग एका सकाळी तिने स्वतःच माती भिजवली, गोळा केला आणि निघाली.

पहिल्या ओळीच्या टोकाला वैद्यबुवांचे घर होते. त्यांच्या टोकाच्या भिंतीवर खुंट्याच खुंट्या आणि खुंट्यांना मुळ्यांच्या जुड्या वाळत टांगलेल्या.

"भिंत मिळेल का, वैद्यबुवा?"

वैद्यबुवांनी खल थांबवला. "गुडघ्याला लेप देतो, हौसाबाई. तो न्या. भिंतीचं मात्र बोलू नका. हिच्यावर अख्ख्या गावाचं औषध वाळतं."

"लेप लावून बसू कुठं?"

वैद्यबुवा पुन्हा खलू लागले. खलाच्या आवाजात ऐकू आले नाही, असे दोघेही धरून चालले.

दुसऱ्या ओळीच्या टोकाला मधाचा व्यापारी राहायचा. त्याने आपल्या भिंतीत खोबण्या करून मधमाश्या वसवल्या होत्या. दारात दोन-चार माणसे गप्पा मारत बसली होती.

"माझी काही हरकत नाही," शेठ म्हणाला. "पण माश्यांना विचारावं लागेल."

"मग विचारा की, शेठ."

"विचारलं. नको म्हणतात."

बसलेली माणसे हसली. हौसाही थोडी हसली, कारण हसणाऱ्यांत न हसता उभे राहणे फार अवघड असते.

तिसऱ्या ओळीच्या टोकाला पाटील होते. त्यांनी टोकाच्या भिंतीत सागाच्या चौकटीची मोठी खिडकी पाडली होती. रोज संध्याकाळी ते तिथे बसत आणि मावळता सूर्य पाहत. हौसाला पाहून ते उठून बाहेर आले. तिच्या हातातला गोळा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"तुला भिंत दिली तर खिडकी बुजेल, हौसा," ते म्हणाले. "बरं, खिडकीचं सोड. तुला दिली की उद्या बाकीचे सतरा येतील. मग मी कोणाकोणाला देऊ?"

गोळ्यातले पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होते.

"पण तुमचं काहीतरी केलं पाहिजे," पाटील म्हणाले. "खरंच केलं पाहिजे."

हे ते मनापासून म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी गाव गोळा केले. ठरले असे, की ओसरीच्या सगळ्यांसाठी मिळून एकच मोठे घर बांधायचे. ओळींपासून दोनशे पावलांवर, मोकळ्या पठारावर. म्हणजे कोणाची भिंत जायला नको आणि कोणी उघड्यावर राहायला नको. गावाला हा विचार फार आवडला. सगळे कामाला लागले. वैद्यबुवांनी स्वतः दगड वाहिले. शेठने कामावरच्यांना रोज मधपोळी घातली. पंधरा-वीस दिवसांत दोन हात जाड भिंतींचे घर उभे राहिले. गावात एवढे मोठे घर दुसरे नव्हते.

लिंपायला अर्थातच हौसा होती. लिंपता लिंपता ती थांबली आणि पाटलांना म्हणाली, "घर चांगलं झालं, पाटील. पण हे टेकणार कशाला?"

"टेकायला कशाला पाहिजे? भिंती बघ किती जाड आहेत."

"जाड भिंतीलासुद्धा पाठ लागते."

पाटलांना ते लागले. "एवढं सगळ्या गावानं केलं," ते म्हणाले, "तरी तुझं आपलं आहेच."

ओसरीच्या माणसांत गोंदा म्हणून एक म्हातारा होता. कोळसा पाडून पाडून त्याची छाती भरलेली आणि जीभ फार तिखट. तो म्हणाला, "हौसे, वाढलेल्या भाकरीची जाडी मोजू नये. खावी आणि गप पडावं."

हौसा पुन्हा लिंपू लागली. देणाऱ्यापुढे खरे बोलायला फार मोठा आवाज लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

अठरा माणसे मोठ्या घरात राहायला गेली. पहिले काही दिवस बरे गेले. मग त्यांच्या ध्यानात आले की इकडे कोणी येत नाही. ओसरीत निदान देवाला येणारी माणसे दिसायची. कोणी विचारायचे, "काय गं, आज काम नाही का?" इथे दारातून पाहिले तर नुसते पठार. विस्तव मागायला दोनशे पावले जावे लागे, आणि कोणी मीठ मागायला त्यांच्याकडे येत नसे. भाकऱ्याही कमी झाल्या. गावातल्या बाया म्हणत, "त्यांचं आता झालं की." अठरा माणसांना घर मिळाले, शेजार मिळाला नाही.

आणि वारा आला.

दोन दिवस मोठ्या घराने तो सोसला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी वाऱ्याकडची भिंत आधी फुगली, मग आत आली. छपराचे आढे तिरके अडकले म्हणून माणसे वाचली. गोंदाचा पाय दगडाखाली सापडला. छपराचा दोर तोडून सगळ्यांनी तो कमरेला बांधला आणि गोंदाला घोंगडीत घालून ती अठरा माणसे पोटावर सरपटत गावाकडे निघाली. दोनशे पावलांना त्यांना किती वेळ लागला, ते त्यांनाच ठाऊक.

सर्वांत जवळची ओळ पाटलांची. पाटलांनी दार उघडले आणि सगळ्यांना आत घेतले. पाटलीणबाईंनी चुलीवर पाणी ठेवले. वैद्यबुवांना बोलावणे गेले. पाटील एका कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. जे केले ते चांगल्या मनाने केले होते, आणि ते दुपारी एका झटक्यात पडले होते.

हौसा टोकाच्या भिंतीशी बसली होती. ही भिंत तिने बाहेरून कितीदा तरी लिंपली होती, पण आतून पाहायची ही पहिलीच वेळ. सवयीने तिने तळहात भिंतीला लावला. भिंत थरथरत होती. खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट वाशांपर्यंत बोटभर रुंद भेग गेली होती.

ती उठली. लंगडत घरातली दुसरी भिंत गाठली, जी पाटलांची आणि शेजाऱ्यांची मिळून होती. तिलाही हात लावला. ती भिंत निजलेल्या गाईसारखी शांत आणि उबदार होती.

"पाटील, यातली जुनी भिंत कोणती?"

"ती, तू हात लावलास ती. ही टोकाची माझ्या आजोबांच्या वेळची."

"म्हणजे जुनी ती शाबूत आणि नवी ही फुटलेली."

पाटील जवळ आले. त्यांनी भेग पाहिली.

"तुमच्या आजोबांपासून ही एकटी मार खाते आहे," हौसा म्हणाली. "आधीच्या सगळ्या भिंतींनी चार-दोन वर्षं खाल्ला. मग पुढे कोणीतरी घर जोडलं आणि त्या विसावल्या. हिच्यापुढं कोणी आलंच नाही." मग ती हळूच म्हणाली, "दरवर्षी वरून लिंपून मी हिची दुखणी झाकत होते. मलाही कळलं नाही."

गावाला रिवाज अर्धाच आठवत होता. भिंत मागणाऱ्याला द्यायची असते, एवढेच त्यांना वाटायचे. भिंतीलाही काही हवे असते, हे ते विसरले होते.

"ही पडली तर?" पाटलीणबाईंनी विचारले.

"ओळीत अकरा घरं आहेत," हौसा म्हणाली. "एकामागून एक."

"मग करायचं काय?"

"मोठ्या घराचे दगड पडलेत तिथं. ते आणायचे आणि हिला बाहेरून पाठ द्यायची."

त्या वाऱ्यात बाहेर जायचे म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होते. पण घरात बसायचे म्हणजे काय, हेही आता माहीत झाले होते. ओळीतल्या अकरा घरांतली माणसे आणि मोठ्या घरातली माणसे एका दोराला बांधून घेऊन पठारावर ओणवी झाली. दगड हातातून हातात सरकू लागले. कोणाचा हात कोणाच्या हातात आहे, हे पाहायला कोणी मान वर करू शकत नव्हते. खिडकीत पहिला दगड पाटलांनी स्वतः बसवला. मग टोकाच्या भिंतीला टेकून दोन बाजूंना दोन भिंती चढल्या, आणि त्या दोघींना जोडणारी तिसरी. हौसा भिंतीशी बसून कुठला दगड कुठे, ते हाताच्या खुणेने सांगत होती. उजेड असेतो काम चाले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलीणबाईंनी आतून भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "थांबली."

वारा पडल्यावर लोक बाहेर आले आणि पाहतात तो काय, टेकू म्हणून उभ्या केलेल्या त्या तीन भिंती आणि पाटलांची चौथी मिळून एक खोली तयार होती. फक्त छप्पर नव्हते.

पाटलांनी कोणाला काही विचारले नाही. त्यांनी माती भिजवली, भिंतीवर थापली आणि पंजा उमटवला. मग हौसाला म्हणाले, "घ्या, हौसाबाई. तुमच्या माणसाला मी सात वर्षं 'पुढल्या वर्षी' म्हणालो."

"नऊ," हौसा म्हणाली.

पाटील तिच्याकडे पाहू शकले नाहीत. तिने भिंत घेतली.

वैद्यबुवांनी मुळ्या उतरवून भिंत पाहिली. तिथेही भेग होती. शेठच्या भिंतीत तर खोबण्यांमुळे हात जाईल एवढी. दोघांनी भिंती दिल्या. माश्यांना या वेळी कोणी विचारले नाही. त्या दोन ओळींना नवी घरे जोडली गेली, त्यांना पुन्हा आणखी. वर्ष सरेपर्यंत ओसरी जवळजवळ रिकामी झाली.

इथे गोष्ट संपली, असे तुम्हाला वाटेल. पण खरी गोष्ट इथून थोडी पुढे आहे.

तिसरी ओळ हौसाच्या घरापाशी थांबली होती. बाईने फार सोसले, म्हणून तिच्याकडे भिंत मागायला कोणाची जीभ रेटत नव्हती. हौसाला घर मिळाले, पण घरात बोलायला कोणी नव्हते. सकाळी काम नसले की ती बाहेर येऊन आपल्या टोकाच्या भिंतीला पाठ लावून बसायची. भिंत उन्हाने तापलेली असायची. तिथून घाटाची वाट दिसायची, जिथे तिचा नवरा राहिला होता ती. ती त्याच्याशी मनात बोलायची. आज कोणाची भिंत लिंपली, गुडघा कसा आहे, भाकरी कशी करपली. दिवसातला तेवढाच वेळ तिला आपण कोणाचे तरी आहोत असे वाटायचे.

पुन्हा वाऱ्याचे दिवस जवळ आले. ओसरीत आता एकटा गोंदा उरला होता. दगडाखाली सापडलेला पाय अधू झाला होता, आणि जिभेमुळे त्याला शेजारी म्हणून घ्यायला कोणी उत्सुक नव्हते. तोही कोणाकडे गेला नव्हता. एका सकाळी तो काठी टेकत हौसासमोर येऊन उभा राहिला. हातात मातीचा गोळा होता.

"भिंत देतेस का? नाहीतर नको देऊ."

हौसाने गोळ्याकडे पाहिले. मग पाठीमागच्या उन्हाकडे. मग घाटाच्या वाटेकडे.

"बघू," ती म्हणाली. "उद्या सांगते."

गोंदा हसला. त्याच्या हसण्याचा खोकला झाला. "पाटलाच्या शेजारी राहून बोलणं पण तसंच झालं गं तुझं," तो म्हणाला आणि निघून गेला.

हौसा दिवसभर तिथेच बसून राहिली. ती स्वतःला सांगत होती, की आपल्या माणसाने नऊ वर्षे भिंत मागितली. की हे ऊन आपले हक्काचे आहे. की गोंदा रात्रभर खोकतो, दिवसभर टोचून बोलतो, आणि त्याला वैद्यबुवांच्या ओळीत कुठे जागा मिळाली नसती असे नाही. सगळी कारणे चांगली होती. संध्याकाळ होत आली तेव्हा तिला पाटलांचा खिडकीत बसलेला चेहरा आठवला. तो दुष्ट माणसाचा चेहरा नव्हता. तो नुसता उन्हात बसलेल्या माणसाचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीत गेली. ओसरीत कोणी नव्हते. गोंदाचे घोंगडे नव्हते, गाडगे नव्हते. देवळाचा झाडूवाला म्हणाला, "म्हातारा पहाटेच निघाला. आता वर यायचं नाही म्हणाला."

हौसाने तळ्यावर माती भिजवली आणि गोळा हातात घेऊन ती घाटाच्या वाटेला लागली. उतारावर गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता. ती बसायची, उठायची, हाक मारायची. हाक दरीत जाऊन तिचीच तिला परत यायची. आपण किती उतरलो ते ती पाहत नव्हती. पाहिले असते तर ती वळली असती.

एका झऱ्यापाशी गोंदा अधू पाय पसरून बसला होता.

"कशाला आलीस?" तो म्हणाला.

"भिंत द्यायला."

"ती वर देता आली असती."

"काल देता आली असती. काल दिली नाही."

गोंदाने तिच्या हाताकडे पाहिले. "गोळा सुकला तुझा."

"मग पाणी घाल."

त्याने गाडग्यात पाणी घेतले आणि तिच्या हातावर ओतले. ती माती मळू लागली.

"मी खोकतो रात्रभर," गोंदा म्हणाला.

"खोक."

"आणि तोंडाचा मी काही बरा नाही."

"ते मला सांगतोस? ओसरीत एवढी वर्षं आवाज होता तो तुझा एकट्याचाच. बाकीचे सगळे भिंतीकडे तोंड करून पडलेले."

गोंदाने काठी टेकली आणि तो उठला.

ती दोघे घाट चढू लागली. दोघांत मिळून धड पाय दोनच होते. वर पोचायला दिवस मावळला. उरलेल्या उजेडात हौसाने आपल्या टोकाच्या भिंतीवर माती थापली आणि पंजा उमटवला. गाव दगड घेऊन आले. आठव्या दिवशी गोंदाचे घर उभे राहिले. हौसाच्या भिंतीवरचे ऊन गेले आणि घाटाची वाटही दिसेनाशी झाली.

तिचा नवरा काही परत आला नाही. गेलेली माणसे भिंतींनी येत नाहीत. पण त्या वर्षी वारा आला तेव्हा हौसाने भिंतीला हात लावून पाहिला, तर भिंत हलत नव्हती. पलीकडे कोणीतरी खोकत होते. ती त्या भिंतीकडे तोंड करून निजली आणि तिला झोप लागली.

गोंदाच्या घराला त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक घर लागले. तेव्हापासून त्या गावाने आपला रिवाज फिरवला. आता मागणारा गोळा घेऊन दारोदार जात नाही. वाऱ्याचे दिवस जवळ आले की टोकाच्या घरातली माणसेच माती भिजवतात, ओसरीत जातात, घाटाच्या वाटेवर उभी राहतात, आणि येईल त्याला विचारतात, "आमची भिंत घ्याल का?" ज्यांनी वेळेवर विचारले, त्यांची घरे आजवर वाऱ्याने पडलेली नाहीत.

तात्पर्य: दिलेल्या भिंतीने घर कमी होत नाही, न दिलेली भिंतच एक दिवस आपल्यावर पडते.